पावलाच्या आकृतीचा जोडा

अंबा नदीच्या दोन्ही तीरांवरच्या खाचरांत आषाढातल्या लावणीसाठी उतरलेल्या माणसांची पावले ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिली आहेत, त्याला मनुष्याच्या पावलाची मूळ आकृती कोणती, हे शरीरशास्त्राचा ग्रंथ उघडून दाखवावे लागत नाही. टाचेशी गोल, मध्यभागी किंचित कृश आणि पुढे पाचही बोटांशी पंख्यासारखे पसरलेले ते पाऊल निसरड्या बांधावरून चालताना बोटांनीच जमीन धरते. अंगठा शेजारच्या बोटापासून सुटा राहून सरळ पुढे पाहतो, करंगळी बाहेरच्या अंगाला टेकलेली असते, आणि पावलाचा सर्वांत रुंद भाग बोटांच्या मुळाशी संपत नाही, तो जवळजवळ बोटांच्या अग्रापर्यंत पोहोचतो. ज्या पावलाने लहानपणी बंद जोडा पाहिलेला नाही, त्याची ही ठेवण आमच्या नागोठण्यापासून पेण, रोह्यापर्यंतच्या आगरी, कोळी, कातकरी वस्त्यांतल्या वृद्ध स्त्रीपुरुषांत आजही पाहावयास मिळते.

आता त्याच शेतकऱ्याचा नातू, जो पहाटेची गाडी पकडून पनवेलला किंवा मुंबईला कचेरीत जातो, त्याच्या पायातला काळा, चकचकीत बूट पाहावा. पावलाच्या ज्या भागी रुंदी सर्वांत अधिक हवी, नेमक्या त्याच भागी हा बूट निमुळता होत जातो, आणि त्याचे टोक येते ते मधल्या बोटाच्या रेषेवर. अंगठा सर्वांत लांब असलेली पावले पुष्कळ आहेत, अंगठ्याशेजारचे बोट किंचित पुढे आलेलीही आहेत. परंतु मधले बोट सर्वांत लांब असून दोन्ही बाजूंची बोटे त्याच्याकडे उतरत आलेली आहेत, असे पाऊल मी तरी पाहिलेले नाही. म्हणजे हा बूट ज्या पावलासाठी बेतलेला आहे, ते पाऊल मनुष्यजातीत नाही. तरीही मुलाखतीला जाताना, विवाहसमारंभात, न्यायालयात, बँकेत आणि शाळेच्या पहिल्या दिवशी तोच पायात असला पाहिजे, असा आपला दंडक आहे. आणि तो चावू लागला की दोष बुटाचा नसून पायाचा आहे, थोडे दिवस घातला की सैल होईल, असे आपण एकमेकांना समजावत आलो आहो.

सैल होते ते कातडे, आणि तेही थोडेसेच. उरलेली तडजोड पावलाला करावी लागते. मनुष्याच्या एका पावलात सव्वीस अस्थी असतात. बालपणी त्यांतल्या बऱ्याचशा अद्याप कूर्चेच्या अवस्थेत असून त्या पूर्णपणे कठीण होण्यास किशोरावस्था सरावी लागते. अशा कोवळ्या पावलावर दिवसाचे सहासात तास बाजूंनी दाब पडत राहिला, तर ते तक्रार न करता त्या दाबाप्रमाणे वाढते, आणि हीच या विषयातली सर्वांत घातक गोष्ट आहे. कारण जी इजा दुखत नाही तिच्याकडे कोणी पाहत नाही. पुढे तिशीचाळिशीत अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकलेला दिसतो, त्याच्या मुळाशी हाड बाहेर आल्यासारखा उंचवटा येतो, करंगळीवर कुरूप आणि तळव्यावर घट्टे धरतात, आणि मग आपण वयाला दोष देतो. स्त्रियांच्या बाबतीत टोकदार, उंच टाचेच्या पादत्राणांमुळे सारा देहभार उताराने बोटांवर येतो. त्यांच्यात अंगठा वळण्याची व्याधी पुरुषांहून पुष्कळ अधिक आढळते, ही वैद्यकातली प्रसिद्ध गोष्ट आहे.

याविषयी नुसते अनुमान करीत बसण्याची आवश्यकता नाही. १९५८ साली हाँगकाँगमधल्या दोन वैद्यांनी तिथल्या चिनी लोकांच्या पावलांची जी तपासणी प्रसिद्ध केली, तीत बूट घालणाऱ्यांपैकी सुमारे तेहतीस टक्के लोकांचा अंगठा वळलेला आढळला, आणि अनवाणी वावरणाऱ्यांत हेच प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत होते. लोक एकाच वंशाचे, नगरही एकच. अंतर होते ते पादत्राणाचे. आपल्या देशातला दाखला त्याहून महत्त्वाचा आहे. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील राव आणि जोसेफ या दोन शल्यवैद्यांनी चार ते तेरा वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले व १९९२ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांत पाऊल सपाट असण्याचे प्रमाण अनवाणी मुलांत २.८ टक्के, तर जोडे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के भरले, आणि जोडे वापरणाऱ्यांतही पुढून बंद असलेला बूट हा उघड्या चपलेपेक्षा अधिक बाधक ठरला. ज्या मुलांच्या पायांत बूट नाही म्हणून आपल्याला कणव येत होती, त्यांची पावले अधिक सुदृढ निघाली. यावरून मुलांना अनवाणी ठेवावे असा अर्थ मी काढीत नाही. काटा, काच, विंचू, तापलेले डांबर आणि जंत यांच्यापासून पावलाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु रक्षण करणारी वस्तूच अपकार करू लागली, तर तिची आकृती बदलणे हे आपले काम आहे.

कोकणात या दुःखात पावसाची भर पडते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ असा की, घरातून कोरडा निघालेला बूट स्थानकापर्यंत ओला होतो आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतही पुरता वाळत नाही. अशा ओल्या बुटात पाचही बोटे एकमेकांना घट्ट चिकटून दिवसभर राहिली, त्यांच्या बेचक्यांतून वारा खेळला नाही, की चिखल्या झाल्याच म्हणून समजावे. खाचरात दिवस दिवस उभे राहणाऱ्यांना चिखल्या होतात त्या चिखलपाण्याने; कचेरीत कोरड्या फरशीवर बसणाऱ्याला त्या व्हाव्यात याला मात्र बुटाखेरीज दुसरे कारण शोधावे लागत नाही. बोटांना सुटे राहण्यास जागा मिळणे ही थंड देशांत केवळ सुखाची बाब असेल, आपल्याकडे ती आरोग्याची बाब आहे.

मग हा आकार आपल्याकडे आला कसा आणि इतका रुजला कसा? त्याचे उत्तर पावलाच्या शास्त्रात मिळत नाही, ते दरबाराच्या रीतिरिवाजात मिळते. जोडे बाहेर काढून आत जाणे हा आपला जुना शिष्टाचार, आणि कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी स्वतः बूट न काढता तोच शिष्टाचार हिंदी लोकांकडून मात्र सक्तीने पाळून घेतला. पुढे १८५४ साली गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलाने असा ठराव केला की, जे हिंदी गृहस्थ युरोपीय पद्धतीचे बूट घालतात, त्यांनी सरकारी प्रसंगी ते घालून येण्यास हरकत नाही; देशी जोडा घालणाऱ्याला मात्र पूर्वीच्या दस्तुराप्रमाणे तो दाराबाहेरच ठेवावा लागे. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांचा जोडे काढण्यावरूनच वाद झाला, आणि तो प्रश्न बराच काळ गाजत राहिला. १८५४ च्या त्या एका ठरावाचा परिणाम किती दूरवर गेला, हे पाहण्यासारखे आहे. पुणेरी जोडा, चढाव, वहाणा ही सारी पादत्राणे कचेरीच्या उंबरठ्याबाहेर राहिली, आणि विलायती बूट तेवढा आत गेला. तो आत गेला तो पावलाला सोईचा म्हणून नव्हे, तर त्याच्यामुळे माणसाला मान वर करून उभे राहता येते म्हणून. त्याच्याबरोबर त्याचा आकारही आत गेला, आणि त्या आकाराची कोणी परीक्षा केली नाही.

पादत्राणाचा हा मानाशी असलेला संबंध मी क्षुल्लक मानीत नाही, आणि ‘बूट टाका, वहाणा घाला’ असा सोपा उपदेश करणाऱ्यांशी माझे जमत नाही ते यामुळेच. ज्या समाजाला वाड्यावरून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागे, आणि ज्या समाजाने साऱ्या गावाचे जोडे शिवले त्यालाच ते पायात घालून मिरवण्याची मुभा नसे, त्या समाजांतल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने काळा बूट पायात चढवला, तेव्हा तिने केवळ एक वस्तू विकत घेतली नव्हती. आमच्याच जिल्ह्यात, महाडला, डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे दागिने यांविषयी जो आग्रह धरला, त्याच्या मुळाशी पेहरावातून माणसाची पायरी ठरवली जाते हे कठोर सत्य होते. म्हणून ज्यांनी हा बूट मोठ्या कष्टाने मिळवला, त्यांना तो सोडा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझे मागणे निराळे आहे, आणि माझ्या मते ते अधिक न्याय्य आहे: बूट राहू द्यावा, त्याचा काळा रंग, त्याची चकाकी, त्याची प्रतिष्ठा सारे राहू द्यावे, बदलावा तो त्याच्या आतला फर्मा.

फर्मा, ज्याला जुन्या मराठीत कालबूत म्हणत, ही पावलाची लाकडी किंवा हल्ली प्लॅस्टिकची प्रतिकृती होय. वरचे कातडे तिच्यावर ताणून, तळाशी जोडून बूट सिद्ध होतो. म्हणून बुटाचे सारे गुणदोष फर्म्यात असतात, कातड्याची प्रत कितीही अव्वल असली तरी फर्म्याची चूक ते झाकू शकत नाही. ही चूक युरोपातही फार पूर्वी ध्यानी आली होती. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपर याने १७८१ साली बुटाच्या उत्तम आकृतीवर निबंध लिहिला. त्या काळी डाव्या आणि उजव्या पायाचा बूटही पुष्कळदा एकाच फर्म्यावर बनत असे. पुढे १८५८ साली झुरिचचे प्राध्यापक हेर्मान मायर यांनी एक साधी कसोटी सांगितली: अंगठ्याच्या मध्यातून मागे सरळ रेषा काढली, तर निरोगी पावलात ती टाचेच्या मध्यातून जाते, बुटाच्या तळावर हीच रेषा काढून पाहावी, आणि ती टाचेच्या मध्याशी जुळत नसेल तर तो बूट अंगठ्याला वाकवणार हे निश्चित समजावे. अमेरिकन सैन्यातले डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनी सैनिकांच्या पावलांची तपासणी करून १९१२ साली सैनिकी बुटांसंबंधी ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या नावाने ओळखला जाणारा फर्मा सैन्याने स्वीकारला, कारण लंगडणाऱ्या फौजेने लढाई जिंकता येत नाही. सैन्याला जे पटले, ते व्यापाराला पटले नाही. नागरी बूट पुढेही टोकदारच राहिला, आणि त्याची नक्कल करणारे आपणही टोकदारच राहिलो.

मायर यांची रेषा ध्यानात घेतली, म्हणजे आपल्याकडे या बाबतीत हल्ली जो अर्धवट उपाय सांगितला जातो, त्याची मर्यादा कळते. ‘रुंद पायांसाठी’ म्हणून जे बूट दुकानांत मिळतात, त्यांत बहुधा तोच फर्मा बाजूंनी थोडा फुगवलेला असतो. टोक मधल्या बोटावर ते मधल्या बोटावरच राहते, आणि अंगठा पूर्वीसारखाच आत ढकलला जातो. दुकानदार तर त्याहूनही सोपा मार्ग काढतो, एक नंबर मोठा देतो. आपल्याकडे प्रचलित असलेल्या इंग्रजी मापपद्धतीत एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा हिस्सा असते. तेवढी लांबी वाढली की बूट जिथे वाकावयाचा ती जागा पावलाच्या सांध्यापुढे सरकते, टाच मागे निसटू लागते, आणि ती निसटू नये म्हणून बोटे दिवसभर आकसून धरावी लागतात. एका पीडेच्या जागी दोन पीडा येतात. पावलाला रुंदी हवी आहे हे खरे, पण ती योग्य जागी हवी आहे.

योग्य जागी म्हणजे कशी, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण खरे कौशल्य इथेच आहे आणि आपल्या कारागिरांना ते सहज साध्य आहे. बुटाची आतली कड, म्हणजे दोन पावले जवळ ठेवली असता जी एकमेकींसमोर येते ती, टाचेपासून अंगठ्याच्या अग्रापर्यंत जवळजवळ सरळ असावी. बुटाचे टोक मध्यावर न आणता अंगठ्याच्या बाजूला आणावे, आणि तिथून करंगळीपर्यंत बाहेरची कड बोटांच्या उतारानेच उतरत यावी. बोटांवर उंचीही पुरेशी असावी, नाहीतर रुंदी मिळूनही नखे वरच्या कातड्याला घासतात. आता इतका मोकळा बूट पायात राहणार कसा, अशी शंका येईल. तर पाऊल धरून ठेवण्याची जागा बोटांपाशी नाहीच, ती टाचेत आणि पावलाच्या पाठीवर आहे. म्हणूनच नाडीचा बूट हा या कामी श्रेष्ठ. त्यातही ज्याचे नाडीचे दोन्ही पल्ले वरून सुटे उघडतात, तो डर्बी धाटणीचा बूट आपल्याकडच्या उंच पाठीच्या पावलांना अधिक सोईचा पडतो. बिननाडीचा बूट मात्र पायातून निसटू नये म्हणून घट्टच करावा लागतो, आणि ज्याला नाडी बांधण्याचा कंटाळा आहे त्याला त्याचे मोल बोटांनी चुकवावे लागते. तळ बोटांच्या मुळाशी सहज वाकावा, टाच बेताची असावी, आणि पायमोजाही बोटे आवळणारा नसावा, ही एक बाब लोक हमखास विसरतात.

अशा बुटाला ऐट राहणार नाही, तो बदकाच्या पायासारखा दिसेल, असा आक्षेप मी दुकानदारांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. तो खरा असता तरी मी पावलाचीच बाजू घेतली असती, परंतु तो खरा नाही. सौंदर्य टोकातच असते ही आपल्या डोळ्यांना लागलेली सवय आहे. पाऊल मध्यभागी स्वभावतःच कृश असते, म्हणून बुटाची कंबर हवी तेवढी रेखीव करता येते, तिथे पावलाला काहीच बाधा होत नाही. कंबर बारीक झाली की पुढची रुंदी डोळ्याला जाड वाटत नाही, डौलदार वाटते. तळाची कड पातळ ठेवावी, बोटांवरच्या आडव्या शिवणीला किंचित तिरपा ओघ द्यावा, कातडे गडद व गुळगुळीत असावे. आकृतीची विषमता लपवण्याचा प्रयत्न न करता तिलाच रेषेचे वळण द्यावे. आजमितीस युरोप-अमेरिकेत काही छोटे उत्पादक अशा धर्तीचे औपचारिक बूट करू लागले आहेत, परंतु त्यांची किंमत आपल्या मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरची आहे. ते इथे बनले पाहिजेत.

इथे बनू शकतील असे मी म्हणतो त्याला आधार आहे. ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जिच्या धर्तीची पादत्राणे जून २०२५ मध्ये मिलानच्या व्यासपीठावर प्राडा या इटालियन कंपनीने मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडली म्हणून एवढा गदारोळ झाला, त्या चपलेत पावलाविषयीचे पुष्कळसे शहाणपण साठवलेले आहे. हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावलेले कातडे, खिळा न वापरता कातडी वादीने घातलेली शिवण, अंगठ्याला स्वतंत्र जागा, पावलाला पाठीवर धरणारा पट्टा आणि बोटांना पूर्ण मोकळीक: वर सांगितलेली बहुतेक तत्त्वे तीत पूर्वापार पाळली गेली आहेत. त्या वेळी आपण सर्वांनी श्रेयासाठी भांडण केले ते योग्यच केले. परंतु श्रेय मागणाऱ्या आपणच त्या ज्ञानाला कचेरीत शिरू दिलेले नाही, ही बाब त्या गदारोळात कोणी काढली नाही. माझ्या लहानपणी आमच्या बाजारपेठेत जोडे शिवून देणारे एक वृद्ध कारागीर होते. ते गिऱ्हाइकाला कागदावर उभे करून पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढीत, पाठीवरून दोऱ्याने घेर घेत, आणि दोन्ही पायांची मापे निरनिराळी लिहून ठेवीत. दोन्ही पावले सारखी नसतात हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. आरी आणि रापी हातात धरणाऱ्या त्या पिढीकडून माप घेण्याची ही रीत आपण मोडीत काढली, आणि तिच्या जागी खोक्यावर छापलेला एक आकडा घेतला.

तो आकडाही आपल्या पावलांवरून काढलेला नव्हता, हे आता शासकीय दफ्तरात नोंदले गेले आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या अवधीत देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची यंत्राने त्रिमितीय मोजणी केली, आणि भारतीय पावले सामान्यतः युरोपीय व अमेरिकन पावलांपेक्षा रुंद असल्याचे तिला आढळले. त्यावरून ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. हे काम फार मोलाचे आहे. माझी एकच विनंती आहे: या मोजणीतून निघणारा फर्मा केवळ रुंद न करता सरळ कडेचाही करावा. ज्यांची मोजणी झाली त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर टोकदार बूट घातलेले असणार. त्यांच्या वळलेल्या अंगठ्यांची सरासरी काढून तीच प्रमाण मानली, तर विकृतीच मानक होऊन बसेल. प्रमाण घ्यावयाचे ते न बिघडलेल्या पावलांचे, आणि ती पावले या देशात अद्याप विपुल आहेत.

उत्पादकांची अडचण मी जाणतो. प्रत्येक मापाला डाव्या-उजव्या फर्म्यांचे स्वतंत्र जोड लागतात, आकार बदलावयाचा तर सारा संच नव्याने करावा लागतो, आणि गिऱ्हाईक येईल की नाही याची शाश्वती नसताना तो खर्च कोणी लहान कारखानदार करणार नाही. म्हणून प्रारंभ एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाने होणार नाही; तो घाऊक खरेदी करणाऱ्यांनी केला पाहिजे. पोलीस खाते आहे, एस.टी. महामंडळ आहे, गणवेश सक्तीचा करणाऱ्या शाळा आहेत. आमच्या नागोठण्याच्या परिसरातल्या कारखान्यांत ज्यांना पोलादी टोपीचे सुरक्षा-बूट घालून पाळी भरावी लागते, त्यांचे दुःख तर इतरांहून बिकट. कातडे महिन्याभरात थोडे तरी ताणते, पोलाद मुळीच ताणत नाही. या सर्व खरेदीच्या निविदांत कातड्याची जाडी, शिवणीचा दोरा, तळाचा प्रकार हे सारे बारकाईने लिहिलेले असते. त्यात बोटांपाशी हवी असलेली रुंदी आणि आतल्या कडेची सरळता ही दोन कलमे घालण्यास कोणताही नवा कायदा करावा लागत नाही.

सर्वांत निकडीचे काम शाळांचे आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मोफत देण्याचे ठरवले, व त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपयांची तरतूद केली. हेतू स्तुत्य आहे; परंतु अनवाणी वाढलेल्या, अद्याप सरळ असलेल्या पावलांना आयुष्यातला पहिला बंद जोडा शासनच देणार असेल, तर तो कसा आहे याची जबाबदारीही शासनावर येते. १७० रुपयांत कमावलेल्या चामड्याचा बूट मिळणार नाही हे उघड आहे. पण रुंद फर्म्यावर ओतलेला तळ आणि त्यावर जाड कापडाचा नाडीचा बूट मिळू शकतो. फर्म्याचा खर्च एकदाच करावयाचा असल्यामुळे, मागणी मोठी असली तर तो दर जोडीमागे नगण्य ठरतो. रायगड जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांतल्या शाळांनी मिळून एकाच फर्म्याची मागणी नोंदवली, तर कोणताही कारखानदार ती नाकारणार नाही. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांनी मुलांना वर्गावर्गातून नंबर विचारून यादी पाठवण्याचा प्रघात सोडावा. शाळा सुटण्याच्या सुमारास, जेव्हा पाऊल दिवसभराच्या वावराने किंचित फुगलेले असते, तेव्हा प्रत्येक मुलाला दोन्ही पायांवर भार देऊन कागदावर उभे करावे, रेघ ओढावी, मोठ्या पावलाचे माप धरावे, आणि अंगठ्यापुढे अर्धा इंच मोकळी जागा राखून बूट मागवावा. बूट आल्यावर त्याच्या आतला सुटा तळपत्ता काढून त्या कागदावर ठेवावा. पावलाची रेघ तळपत्त्याबाहेर कुठेही दिसली, तर ती जोडी परत पाठवावी.